विमा बदलला म्हणून मुलाचा डॉक्टर का बदलावा?

कुठल्याही आरोग्यविमा कंपनीच्या वेबसाइटवर जा, राज्य महाराष्ट्र निवडा, शहर नाशिक निवडा. कॅशलेस हॉस्पिटलांची यादी समोर येते. मुंबई नाका, गंगापूर रोड, शरणपूर रोड, नाशिकरोड, आडगाव. नाव, पत्ता, पिनकोड, फोन. फार तर पुढे ‘मल्टिस्पेशालिटी’ नाहीतर ‘चाइल्ड हॉस्पिटल’ असा शेरा. आता त्याच यादीत शोधून पाहा की लहान मुलांच्या किडनीचे डॉक्टर यातल्या कुठल्या हॉस्पिटलात बसतात, मुलांच्या फिटचे कुठे, मुलांच्या हृदयाचे कुठे, वाढीच्या आणि हार्मोन्सच्या तक्रारी बघणारे कुठे. सापडत नाही, कारण ती यादी मुळात डॉक्टरांची नाहीच. विमा कंपनीचा करार हॉस्पिटलशी असतो, दर हॉस्पिटलशी ठरतात, म्हणून यादीही हॉस्पिटलांची. आईवडील मात्र हॉस्पिटल शोधत नसतात. आपल्या मुलाच्या आजाराची खोलवर माहिती असणारा एक माणूस ते शोधत असतात.

माझं म्हणणं असं आहे: ज्या मुलावर दीर्घकाळचे उपचार चालू आहेत, त्याचा विमा कोणत्याही कारणाने बदलला तरी निदान काही महिने त्याचा डॉक्टर बदलावा लागू नये. आणि नवा डॉक्टर शोधायचाच असेल, तर तो कुठे आहे हे सांगण्याची जबाबदारी विमा देणाऱ्याची असावी. आज हे सगळं आईवडिलांवर सोडून दिलेलं आहे, तेही अशा काळात की जेव्हा नोकरी नवी असते, घरची घडी विस्कटलेली असते आणि मूल आजारी असतं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. या आजारात किडनीतून प्रथिनं गळून लघवीवाटे जातात आणि अंगावर सूज चढते. सकाळी उठल्यावर पोरीचे डोळे उघडत नाहीत इतके सुजलेले असतात, आणि सुरुवातीला घरच्यांना वाटतं की ॲलर्जी असेल. बहुतेकदा दोन ते सहा वर्षांच्या वयात हा आजार सुरू होतो. स्टिरॉइडने बऱ्याच मुलांत आटोक्यात येतो, पण पुन्हा पुन्हा उलटतो. उपचार बहुतांशी घरीच चालतो. रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा आणि लिहून ठेवायचं. बहिणीकडे दोनशे पानी वही आहे. तिने फुटपट्टीने उभ्या रेघा मारून रकाने पाडलेत: तारीख, वजन, पट्टी, गोळी, शेरा. पट्टीच्या रकान्यात ‘निल, निल, ट्रेस, निल, १+’ अशी ओळ खाली खाली उतरत जाते; अधिकचा आकडा जितका मोठा, तितकी गळती जास्त. शेऱ्यात ‘सर्दी’, ‘लग्नाला गेलो होतो’, ‘रात्री ताप’. सलग तीन दिवस ३+ आलं की आजार उलटला असं धरतात आणि डोस वाढतो.

ही वही वाचता येणं हे तिच्या डॉक्टरांचं खरं काम. गोळी अमुक मिलिग्रॅमच्या खाली आणली की हिला पुन्हा गळती सुरू होते, सर्दी झाली की चार दिवसांत पट्टी बदलते, स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असताना कुठली लस थांबवायची आणि कुठली आवर्जून द्यायची, उंची थांबली आहे का, चेहरा किती भरलाय, पोरगी शाळेत चिडचिड करते का. यातलं निम्मं केसपेपरवर असतं, निम्मं डॉक्टरांच्या डोक्यात असतं. मोठ्यांच्या किडनीचे डॉक्टर कितीही निष्णात असले तरी त्यांचा बहुतेक दिवस डायलिसिसमध्ये आणि मधुमेहाने बिघडलेल्या किडन्यांमध्ये जातो. मुलांचा आजार वेगळा, औषधाचं गणित वेगळं. ते वजनावर आणि अंगाच्या क्षेत्रफळावर चालतं आणि दर काही महिन्यांनी नव्याने मांडावं लागतं.

मेहुण्यांनी नोकरी बदलली. पगार वाढला, पद वाढलं. जुन्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सुटला, नव्या कंपनीचा लागू झाला. विम्याची रक्कम आधीपेक्षा जास्त, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर. कागदावर सगळं चांगलंच झालं होतं. फक्त पोरीचे डॉक्टर मुंबईहून ठरलेल्या शनिवारी ज्या हॉस्पिटलात यायचे, ते हॉस्पिटल नव्या विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कॅशलेसचा करार असलेल्या हॉस्पिटलांत, नव्हतं. तपासणीची फी तशीही खिशातूनच जात होती, त्यामुळे पहिले काही महिने हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग आजार उलटला, पोटात पाणी झालं आणि त्यात ताप आला. अशा वेळी त्या पाण्यात जंतुसंसर्ग होण्याची भीती असते, ॲडमिट करावंच लागतं. तेव्हा प्रश्न उभा राहिला: कुठे?

टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेमचं काम बघणाऱ्या संस्थेच्या, हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, “मॅडम, अमुक हॉस्पिटलला नेफ्रोलॉजी अव्हेलेबल दाखवतंय.” त्या हॉस्पिटलात फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीने अगदी आपुलकीने सांगितलं, “ताई, सर किडनीचेच आहेत, पण लहान मुलं बघत नाहीत. तुम्ही आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.” बालरोगतज्ज्ञ आधीच बघत होते आणि तेच म्हणत होते की हिला तिच्या डॉक्टरांच्याच हाताखाली ठेवा. शेवटी जुन्याच हॉस्पिटलात, रोख डिपॉझिट भरून, पतपेढीतून उचल घेऊन तिला दाखल केलं. बिल नंतर रिइम्बर्समेंटला टाकलं. काही कापून, काही महिन्यांनी पैसे आले. पोरगी बरी आहे. पण त्या रात्री ज्याच्याकडे पतपेढीचं खातं नव्हतं किंवा मागे कुणी उभं नव्हतं, अशा घराने काय केलं असतं, हा विचार मला सोडत नाही.

हे नाशिकमध्ये जास्त बोचतं, कारण आपल्याकडे मुलांचे अतिविशेष डॉक्टर ज्या पद्धतीने काम करतात ती पद्धतच नेटवर्क यादीशी जुळत नाही. साधे बालरोगतज्ज्ञ शहरात भरपूर आहेत आणि चांगले आहेत. पण बालमेंदूविकार, बालकिडनी, बालहृदयरोग, मुलांचे रक्ताचे आजार यांचे डॉक्टर मोजकेच. त्यातले काही इथलेच, काही मुंबई-पुण्याहून ठरलेल्या वारी येणारे. एकच डॉक्टर सोमवारी एका ठिकाणी, गुरुवारी दुसऱ्या ठिकाणी बसतो. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण, मालेगावपासून ते धुळे-जळगावपर्यंतची मुलं त्यांच्याकडे येतात. अमुक डॉक्टर अमुक हॉस्पिटल सोडून गेले ही बातमी मेडिकल दुकानदाराला आधी कळते, विमा कंपनीला कदाचित कधीच कळत नाही. यादीत हॉस्पिटल राहतं, त्यातला माणूस निघून गेलेला असतो.

आणि नाशिकमध्ये सोय झाली नाही तर मुंबई. पहाटे उठून नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरायचं, परळच्या वाडिया हॉस्पिटलात नाहीतर केईएमला नंबर लावायचा आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. नाशिककरांच्या पिढ्यांनी हे केलं आहे आणि १९२९ पासून मुलांवर उपचार करणाऱ्या त्या वाडिया हॉस्पिटलाचे उपकार या जिल्ह्यातली कितीतरी घरं विसरणार नाहीत. पण सुजलेल्या, तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन कसारा घाट उतरणं हा आधार म्हणून ठीक, व्यवस्था म्हणून नाही. इथे डॉक्टर असताना केवळ करार नाही म्हणून तिकडे जावं लागणं तर अजिबातच नाही.

विमा बदलण्याची वेळ कुणावर येते, हेही नीट पाहायला हवं. फक्त हौसेने पॉलिसी पोर्ट करणाऱ्यांवर, म्हणजे एका कंपनीतून दुसरीत नेणाऱ्यांवर, नाही. सातपूर-अंबडमधल्या कामगाराचंच बघा. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला कामगार राज्य विमा योजना लागू होते. जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा तेवढीच आहे. कामगार आपल्या पगाराच्या पाऊण टक्का भरतो, मालक सव्वातीन टक्के. त्र्यंबक रोडवरचं सातपूरचं कामगार रुग्णालय, दवाखाने, तिथून पुढे पाठवणी. या योजनेबद्दल तक्रारी खूप आहेत, रांगा आहेत, औषधं बाहेरून आणावी लागतात. पण एक गोष्ट तिच्यात आहे जी बहुतेक खाजगी मेडिक्लेममध्ये नसते: ओपीडी. तपासणी, औषध, फॉलोअप, पुढच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी, सगळं योजनेतच. १९४८ च्या कायद्याने हे शहाणपण दाखवलं होतं की आजारी माणूस खाटेवर नसतानाही आजारी असतो.

आता या कामगाराला पगारवाढ मिळते आणि तो मर्यादेच्या वर जातो. घरात पेढे वाटले जातात. कंपनी त्याला ग्रुप मेडिक्लेममध्ये टाकते. आणि ज्याच्या मुलाला फिटची गोळी दर महिन्याला, ईईजी (मेंदूचा आलेख) अधूनमधून आणि तज्ज्ञांची भेट दर तीन महिन्यांनी लागते, त्याच्या विम्यातून हे तिन्ही एकदम गळून पडतात. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरपर्यंत योजनेचा हक्क राहतो. म्हणजे मधे थोडा अवधी असतो, त्या अवधीत नव्या डॉक्टरांकडे व्यवस्थित सोपवणी होऊ शकते. पण हे त्याला सांगायचं कुणी? एचआर सांगत नाही, दवाखान्यातला कारकून सांगत नाही. कार्ड चालत नाही म्हटल्यावर त्याला कळतं. फिटचं औषध अचानक तुटलं तर झटके परत येतात, कधी आधीपेक्षा जोराने येतात. हे डॉक्टर प्रत्येक आईला पहिल्याच भेटीत बजावतात. औषध तुटायला निष्काळजीपणाच लागतो असं नाही, पगारवाढही पुरते.

ओपीडीचा मुद्दा जरा लांबवते, कारण मुलांच्या बाबतीत तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपला आरोग्यविमा खाटेभोवती बांधलेला आहे. चोवीस तास ॲडमिट व्हा, नाहीतर डे-केअरच्या यादीत बसणारी प्रक्रिया करा, तरच क्लेम. दीर्घ आजाराची मुलं मात्र ॲडमिट न होण्यासाठीच उपचार घेत असतात. दमा असलेल्या मुलाचा पंप, टाइप वन मधुमेहाच्या मुलीचं इन्सुलिन आणि दिवसातून अनेकदा बोट टोचून बघायच्या पट्ट्या, हृदयाला छिद्र असलेल्या बाळाची टूडी एको, फिटच्या मुलाची रक्ततपासणी. हे सगळं वेळेवर झालं की मूल खाटेवर जात नाही. म्हणजे चांगल्या उपचाराचा खर्च आईवडिलांचा, आणि उपचार फसला तर विमा कंपनी पैसे देणार. यातून काय होतं ते नाशिकमधल्या कुठल्याही मुलांच्या हॉस्पिटलात ऐकायला मिळतं. एमआरआय करायचा आहे, खर्च मोठा आहे, मग कुणीतरी हळूच सुचवतं, “एक दिवस ॲडमिट दाखवू या, क्लेममध्ये बसेल.” डॉक्टरांना ते आवडत नाही, आईवडिलांनाही नाही. धडधाकट चालत आलेल्या मुलाच्या हाताला सलाइनची सुई लागते, शेजारच्या खाटेवरच्या न्यूमोनियाच्या पोराशेजारी ते रात्र काढतं, खाट अडते. विमा कंपनीला यात तपासणीच्या खर्चापेक्षा जास्तच पडतं. आणि हे खोटं आहे, हेही सगळ्यांना माहीत असतं. आईवडिलांना मुलाच्या औषधासाठी खोटं बोलायला लावणारी व्यवस्था मला मान्य नाही.

ओपीडी विम्यात घेताच येत नाही, असंही नाही. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण. त्यात ओपीडी आहे, थेरपी आहे, आणि विम्याआधी वैद्यकीय तपासणीची अटही नाही. रक्कम लहान आहे, पण आखणी मुलाच्या गरजेकडे बघून केलेली आहे. मग हीच आखणी दीर्घ आजाराच्या इतर मुलांसाठी का नको?

नियामकाने, म्हणजे विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, गेल्या काही वर्षांत काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पोर्टेबिलिटी २०११ पासून आहे. नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी अर्ज केला की आधीच्या कंपनीकडे काढलेला वेटिंग पिरियड, म्हणजे काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, नव्या कंपनीत मोजला जातो. २०२४ मध्ये आधीच्या आजारांचा कमाल वेटिंग पिरियड चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. त्याच वर्षी मेच्या परिपत्रकाने कॅशलेसला एका तासात मंजुरी आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी देण्याचं बंधन घातलं. पॉलिसी पटली नाही तर परत करायची मुदत १५ दिवसांची ३० दिवस झाली. हे सगळे चांगले बदल आहेत आणि मी त्यांचं मनापासून स्वागत करते. पण नीट बघा, हे सगळे पैशाबद्दल आणि वेळेबद्दल आहेत. वेटिंग पिरियड पोर्ट होतो, डॉक्टर पोर्ट होत नाही. तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते खरी, पण जुनी पॉलिसी सोडून आलेल्याला परत जायला जागा कुठे असते?

‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’चं नाव इथे कुणीतरी घेईल. जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा परिषदेने ही सोय सुरू केली. नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मिळू शकतं. ठरलेल्या ॲडमिशनच्या ४८ तास आधी किंवा तातडीच्या ॲडमिशननंतर ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. ही कल्पना खरोखर चांगली आहे. पण ती हॉस्पिटल तयार असेल तरच चालते, आणि नाशिकच्या किती हॉस्पिटलांचे बिलिंग काउंटर रात्री अकरा वाजता अनोळखी कंपनीच्या पत्रावर डिपॉझिट सोडून देतात, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा. आम्हाला तरी “त्या कंपनीचं आमच्याकडे होत नाही” एवढंच उत्तर मिळालं. शिवाय हीही सोय खाटेपुरतीच.

राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. जुलै २०२४ पासून हे लागू झालं. मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी या योजनेने आणि शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने मिळून केलेलं काम मोठं आहे. ‘आरोग्यमित्र’ ही कल्पना तर मला विशेष महत्त्वाची वाटते. योजनेतल्या हॉस्पिटलात बसलेला एक माणूस, ज्याचं काम रुग्णाला वाट दाखवणं. खाजगी विम्यात असा माणूस नाही. तिथे असतो तो हेल्पलाइनचा आवाज, समोरच्या पडद्यावर जे दिसतं ते वाचून दाखवणारा.

अमेरिकेच्या आरोग्यविम्याबद्दल चांगलं बोलावं असं फारसं काही नाही, आणि आपण त्या वाटेने जाऊ नये असंच मला वाटतं. पण तिथे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या एका कायद्याने दोन गोष्टी केल्या. विमा योजनेने आपली डॉक्टरांची यादी निदान दर ९० दिवसांनी तपासून घ्यायची. आणि गंभीर किंवा गुंतागुंतीच्या आजारावर उपचार चालू असताना डॉक्टरचा नेटवर्कशी करार संपला, तर रुग्णाला ९० दिवसांपर्यंत त्याच डॉक्टरकडे जुन्याच अटींवर उपचार घेता यावेत. विमा कंपनीच बदलली तर काय, हे त्या तरतुदीत येत नाही, पण तत्त्व तेच आहे: चालू उपचाराला मुदत द्यायची. बाजारालाच देव मानणाऱ्या देशाला हे कायद्यात लिहावं लागलं, यातून आपण काय ते समजावं.

यावर आक्षेप येतील ते मला माहीत आहेत. डॉक्टर सारखे हॉस्पिटलं बदलतात, यादी कशी ठेवणार? तर ज्या कंपन्या एका तासात कॅशलेस मंजूर करण्याइतकी यंत्रणा उभी करू शकतात, त्यांना तीन महिन्यांतून एकदा नाशिकमधल्या हॉस्पिटलांना विचारणं अवघड नाही की तुमच्याकडे मुलांचे कोणते तज्ज्ञ, कोणत्या वारी, किती वयापर्यंतच्या मुलांना बघतात. माहिती नाही असंही नाही. कोणत्या डॉक्टरची कोणती पदवी आहे याची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे. शहरातलं प्रत्येक खाजगी हॉस्पिटल १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेकडे नोंदलेलं असतं आणि ठरावीक मुदतीने नूतनीकरणाला येतं. राज्यभरातल्या वैद्यकीय पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, तेही आपल्याच म्हसरूळला. माहिती तीन कपाटांत पडून आहे, ती एकत्र करून आईच्या मोबाइलवर आणायची आहे.

दुसरा आक्षेप, हप्ता वाढेल. थोडा वाढेलही. पण आपण सगळ्यांसाठी सगळ्या ओपीडीची मागणी करत नाही. अतिविशेष तज्ज्ञाने लेखी प्रमाणपत्र दिलेली, ठरावीक दीर्घ आजारांची मुलं, एवढ्यापुरतंच बोलतो आहोत. हे क्लेम आधीच ओळखता येतात, त्यांचा खर्च आधीच मांडता येतो. अनेकांनी थोडंथोडं द्यायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला द्यायचं, याच कामासाठी विमा काढतात ना? निरोगी मुलांच्या आईवडिलांनी, त्यात मीही आले, वर्षाला थोडे जास्त रुपये द्यायला तयार असलं पाहिजे. तिसरा आक्षेप, हॉस्पिटलं वाटेल तो दर लावतील. म्हणून मुदत मर्यादित ठेवायची, सहा महिने पुरेत, आणि त्या काळापुरता जुन्या विमा कंपनीने ठरवलेलाच दर नव्या विमा कंपनीने द्यायचा. हॉस्पिटलने तो दर कालपर्यंत मान्य केलेला असतोच.

आईवडिलांच्या हातात आज काय आहे, तेही सांगायला हवं, कारण नियम बदलेपर्यंत मुलं थांबत नाहीत. विमा बदलण्याआधी डॉक्टरांनाच विचारा की तुम्ही आणखी कुठल्या हॉस्पिटलांत ॲडमिट करता. पुष्कळदा दुसरं एखादं नेटवर्कमध्ये निघतं. हॉस्पिटलात फोन करताना “नेफ्रोलॉजी आहे का” असं न विचारता “सात वर्षांच्या मुलीला बघणारे किडनीचे डॉक्टर कुठल्या वारी येतात” असं विचारा. फाइल मागून घ्या. वैद्यकीय नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांतच आहे. जुन्या डॉक्टरांकडून एक पानी सारांश लिहून घ्या: निदान, आत्ताचे डोस, कशाने बिघडतं, काय टाळायचं. क्लेम नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार, मग ‘बीमा भरोसा’ पोर्टल, आणि तिथेही भागलं नाही तर विमा लोकपाल. नाशिकची तक्रार पुण्याच्या लोकपालांकडे जाते, वकील लागत नाही, फी लागत नाही.

पण हे सगळं ज्याला वाचता येतं, फोनवर दोन शब्द ठामपणे बोलता येतात आणि कामावरून तासभर सुटी मिळते त्याच्यासाठी आहे. सुरगाण्याहून बाळाला पाठुंगळी बांधून एसटीने आलेल्या बाईसाठी नाही, आणि अंबडला तीन पाळ्यांत काम करणाऱ्या बापासाठीही नाही. म्हणून हे आईवडिलांच्या हुशारीवर सोडू नये असं मी म्हणते.

दिल्ली-हैदराबादला नियम व्हायला वेळ लागेल. नाशिकमध्ये मात्र एक गोष्ट लगेच करता येईल. ग्रुप मेडिक्लेमच्या अटी कंपनी आणि विमा कंपनी आपसात ठरवतात, त्यात कलमं घालून घेता येतात. बाळंतपणासाठी, आईवडिलांच्या समावेशासाठी लोक घालून घेतातच. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटना आहेत, कामगार संघटना आहेत. त्यांनी आपल्या सभासद कंपन्यांना एवढंच सांगावं की पुढच्या नूतनीकरणाच्या वाटाघाटीत दोन कलमं मागा. एक, नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याच्या मुलावर तज्ज्ञांचे उपचार चालू असतील, तर सहा महिने त्याच डॉक्टरांच्या हॉस्पिटलात, ते नेटवर्कमध्ये असो वा नसो, कॅशलेस मिळेल. दोन, विमा कंपनी दर तीन महिन्यांनी नाशिकमधल्या मुलांच्या अतिविशेष तज्ज्ञांची यादी देईल: नाव, हॉस्पिटल, वार, किती वयापर्यंत बघतात, आणि यादी कुठल्या तारखेला तपासली. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांनी एकत्र बसून अशी पहिली यादी करून दिली, तर विमा कंपन्यांना ती तयारच मिळेल. बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसी एप्रिलमध्ये नूतनीकरणाला येतात, म्हणजे ही कलमं फेब्रुवारीत कोटेशन मागवतानाच त्या पत्रात लिहिलेली हवीत.